आत्ता नको, थोडं थांबा

ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, असं माझ्या मेहुण्याला विचारलं की तो लगेच उत्तर देत नाही. आधी चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाला पुसतो, परत नाकावर चढवतो आणि मग म्हणतो, "आत्ता? आत्ता घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा." हे वाक्य मंदार दिवाळीत म्हणतो, गणपतीत म्हणतो, बजेटच्या आधी म्हणतो आणि बजेट झाल्यावरही म्हणतो. वेडेपणा कायम, कारण तेवढं दरवेळी नवीन.

मंदार कोथरूडला राहतो आणि सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. लोकांची कर्जं तो म्हणे फटाफट मार्गी लावतो. त्याची खरी ड्यूटी मात्र रात्री जेवणानंतर सुरू होते. न आलेल्या कार्डाचा एखादा धूसर फोटो, कोणीतरी कोणाच्या तरी हवाल्याने सांगितलेला आकडा, कुठल्याशा पेटंटमधली आकृती, एवढ्यावर त्याची रात्र सुखात जाते. सकाळी फोन येतो, "भाऊजी, पक्की बातमी आहे. पुढच्या पिढीत गेमिंगला अनेक चिप्सचं कार्ड येतंय. लिहून ठेवा."

लिहायचं काम तो स्वतःच करतो, तेही लग्नपत्रिकांच्या पाठीवर. एकदा सगळे नटूनथटून लग्नाला निघालो आणि कार्यालयाचा पत्ता बघायला पत्रिका काढली, तर पत्त्यावर चार चौकोन, त्यांना जोडणारे बाण आणि कोपऱ्यात "कॅश इथे?" असा प्रश्न. वरात आम्हाला आवाजावरून शोधावी लागली.

या विषयाचा इतिहास त्याला घरच्या वंशावळीपेक्षा पाठ आहे. १९९८चं व्हूडू २ घ्या, दोन कार्डं जोडली की पडद्यावरच्या रेघा आपसात वाटून घ्यायची. मग थ्रीडीएफएक्सचं व्हूडू ५ ६०००. एका कार्डावर चार चिप्स, वीज पुरवायला बाहेरून वेगळा डबा, आणि दुकानात पोचण्याआधीच कंपनी बुडाली. हे सांगताना त्याचा आवाज जड होतो. २०१४चं एएमडीचं आर९ २९५एक्स२ मात्र तो छाती पुढे काढून सांगतो. दोन चिप्स, पाचशे वॅट, थंड ठेवायला कारखान्यातूनच पाण्याची सोय.

"मग बंद का झाली?" असं मी एकदा विचारून बसलो. आळीपाळीने फ्रेम, मायक्रोस्टटर वगैरे ऐकून माझा चेहरा कोरा पडलेला बघून सासूबाईंनी स्वयंपाकघरातून खुलासा केला. "अहो, दोघीजणी दोन तव्यांवर पोळ्या करतायत. ताटात दोन पोळ्या एकदम येऊन पडतात आणि मग बराच वेळ काहीच नाही. मोजायला गेलं तर पोळ्या भरपूर, पण जेवणाऱ्याचा घास अडलेलाच." मंदार पाच मिनिटं गप्प होता. इतकी वर्षं ऐकून ऐकून बाई तयार झाल्या होत्या.

२०२२च्या डिसेंबरात त्याचे दिवस पालटले असं वाटलं. एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आलं आणि त्यात एक सोडून सात तुकडे! मंदारने पेढे वाटले. रात्री बारकाईने वाचलं तेव्हा कळलं की चित्र रंगवणारा तुकडा त्यात एकच, बाकीचे सहा मेमरी आणि कॅश सांभाळणारे. पेढे तोवर संपले होते. मार्च २०२४मध्ये एनव्हिडियाने ब्लॅकवेलमध्ये खरोखरच दोन मोठ्या चिप्स सांधल्या, मधून सेकंदाला दहा टेराबाइटची वाट काढली, पण हा सगळा थाट एआयवाल्यांच्या डेटा सेंटरसाठी. "त्यांचं सोपं असतं, भाऊजी. काम वाटून दिलं की झालं. गेमला साठ फ्रेम पाहिजेत तर एका फ्रेमला सोळा मिलिसेकंद मिळतात. त्यात एका चिपने दुसरीला विचारत बसायचं कधी?" अडचण त्याला माझ्यापेक्षा नीट कळते, आणि तरी तो थांबलेला आहे. २०२५ला एएमडीचं ९०७० एक्सटी पुन्हा एकाच चिपचं निघालं तेव्हा म्हणाला, "दोन पावलं मागे घेतायत. याचा अर्थ उडी मोठी आहे."

त्याचं स्वतःचं मशीन बघण्यासारखं आहे. लहान फ्रिजएवढं कॅबिनेट, हजार वॅटचा एसएमपीएस, दोन कार्डं बसावीत म्हणून मुद्दाम दोन स्लॉटचा बोर्ड. आणि आत, एका कोपऱ्यात, २०१६चं जीटीएक्स १०६०. या कार्डाला जोडीदार लावायची सोय कंपनीने दिलेलीच नाही. "तात्पुरतं आहे ते," मंदार सांगतो. रिकाम्या स्लॉटवरची धूळ सासूबाई दर शनिवारी जुन्या टूथब्रशने काढतात. एवढ्या यंत्रावर तो खेळतो काय? एज ऑफ एम्पायर्स २. मूळ गेम १९९९चा. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही धावतो.

शेजारच्या मुलाने इंजिनिअरिंगला असताना, २०२०च्या शेवटी, याचा सल्ला घेतला होता. "भाव उतरू देत," मंदार म्हणाला. पुढच्या वर्षी क्रिप्टोवाल्यांनी दुकानं धुऊन नेली आणि भाव दुपटीवर गेले. पोरगा पास झाला, नोकरीला लागला, पहिल्या पगारातून लॅपटॉप घेऊन पेढे द्यायला आला. मंदारने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "दोन महिने थांबला असतास तर..."

तेव्हा तुम्हाला कार्ड घ्यायचंच असेल तर आधी घेऊन या, बिल जपून ठेवा आणि मगच मंदारला फोन करा. तो तासभर हळहळेल. पण रविवारी स्वतः येऊन कार्ड बसवून देईल, ड्रायव्हर टाकून देईल, आणि चहाशिवाय काही घेणार नाही.