वर्दळ हवी, पण पुढच्या गल्लीत

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझी बावन्न वर्षं गेली. बँकेनं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरवलं, पण मुक्काम पेठेतच. यंदा मात्र बदलीच्या पत्रावर 'पुणे' आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'एरिया कसा आहे?' असं लोकांना विचारत फिरायची पाळी आली. पुण्यात या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. तो स्वतः जिथं राहतो तोच एरिया चांगला. बाकी सगळं 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही'.

घरात बैठक बसली. आईला देऊळ आणि दवाखाना चालत जाण्यासारखा पाहिजे. सौ.ला पाणी पाहिजे. मुलगी रात्री अकराला घरी येणार, त्यामुळे स्टॉपपासून दारापर्यंत तिला वाटेवर माणसं पाहिजेत. मला झोप पाहिजे. थोडक्यात खाली जत्रा आणि वर समाधी. एजंटाला हे सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. तो वहीतून मानही वर न काढता म्हणाला, "मिळून जाईल सर. सगळ्यांना हेच पाहिजे असतं."

एजंटाचं मराठी वेगळं असतं, ते शिकायला मला पंधरा दिवस लागले. 'डेक्कनपासून पंधरा मिनिटं' हे अंतर पहाटे तीनला मोजलेलं असतं. 'अपकमिंग' म्हणजे रस्ता नाही. 'निसर्गरम्य' म्हणजे रस्ता नाही आणि दिवाही नाही. 'रिव्हर व्ह्यू'चे पैसे जास्त, कारण तिथून नदी दिसते. जुलैत नदीच आपल्याला बघायला येते, त्याचे वेगळे घेत नाहीत. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घराघरात शिरलं, हे त्याला सांगून बघितलं. "तो पलीकडचा पट्टा सर," तो म्हणाला. पुण्यात पूर कायम पलीकडच्याच पट्ट्यात येतो.

वास्तविक या शहराला पाण्याची आठवण असायला हवी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि उखडलेल्या माणसांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या पिढीला सुरक्षित जागा कोणती विचारलं, तर ती नदीपासूनची उंची सांगायची. आम्ही मजला सांगतो.

मजल्याबरोबर आडनावही सांगावं लागतं. एका ठिकाणी एजंट म्हणाला, "एकदम सेफ सोसायटी सर. सगळी आपलीच माणसं."

"आपली म्हणजे?"

"तुमचं आडनाव काय म्हणालात?"

आडनावावरून त्याला नक्की काही उमगेना, तेव्हा त्यानं आडून विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं?" आता २०१९ मध्ये ज्या गावानं मटणाच्या दरासाठी आंदोलन केलं, त्या गावच्या माणसाला हा प्रश्न! मी छाती काढून उत्तर दिलं आणि ती सोसायटी हातची गेली. तांबड्या रश्शामुळे सुरक्षिततेला नक्की कुठून तडा जातो, हे मी विचारून घेतलं. "वातावरण सर, वातावरण." त्याच सोसायटीत बॅचलर चालत नाहीत, एकट्या राहणाऱ्या मुली चालत नाहीत आणि कुत्रं असेल तर कमिटीला विचारावं लागतं. राहायला कोण चालतं, याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही. बहुधा रिकामा फ्लॅट सगळ्यात सेफ.

मग एक बावीस मजली टॉवर बघितला. गेटवर फोटो काढला, ओटीपी आला, मोटारीच्या डिकीत टॉर्च मारून झाला. लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले, मी सवयीनं "नमस्कार, कितव्या मजल्यावर?" म्हटलं. त्यांनी बाहेर पडल्या पडल्या वॉचमनला इंटरकॉम केला. वर्दळीची सोय म्हणाल तर क्लबहाउस होतं, संध्याकाळी सहा ते आठ, आधी बुकिंग करून. मुलीनं मात्र आतलं काहीच बघितलं नाही. ती गेटबाहेर उभी राहून कंपाउंडची भिंत बघत होती. भिंत लांबच्या लांब, तिला ना खिडकी, ना दुकान, ना साधी पानाची टपरी. "स्टॉपवरून इथपर्यंत रात्री चालत यायचं?" तिनं विचारलं. एजंट दुखावला. "मॅडम, कॅब आतपर्यंत येते."

या विषयावर अमेरिकेतल्या जेन जेकब्स बाईंनी एक जाडजूड पुस्तक लिहिलंय, तेही १९६१ मध्येच, म्हणजे आमचं पानशेत फुटलं त्याच साली. बाई न्यूयॉर्कात ग्रीनिच व्हिलेजमध्ये हडसन स्ट्रीटवर राहायच्या. रस्ता राखतात ते फक्त पोलिस नव्हेत. दुकानदार, खिडकीत बसलेली माणसं आणि येणारे-जाणारे यांची नजर राखते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गल्लीतले लोक पाहुण्यासाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या खाऊच्या दुकानात ठेवत. शहररचनेत हा विचार क्रांतिकारक मानतात. पुण्याच्या पेठेत पहिल्या मजल्यावरच्या काकू तोच विचार रोज दुपारी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता अमलात आणतात. त्यांना कुणी नगररचनाकार म्हणत नाही. भोचक म्हणतात.

शेवटी एजंटाला बाजूला ठेवून मुलीनं सूत्रं हातात घेतली. सदाशिव पेठेच्या टोकाला एक जुनं घर होतं. तिथं ती मला रात्री साडेदहाला घेऊन गेली आणि स्टॉपपासून दारापर्यंत चालवलं. वाटेत उघडं काय काय आहे, ते ती बोटांवर मोजत होती. औषधाचं दुकान, दूध डेअरी, अभ्यासिकेतून सुटलेली एमपीएससीची पोरं, मंडळाचा कट्टा. बोळाच्या कोपऱ्यावर महापालिकेचा दिवा बंद होता, पण त्याच्याखाली डोशाची गाडी होती आणि तिच्या छताला ट्यूब. जिन्याखाली इस्त्रीवाला होता. त्याच्यासमोर चादरीत बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर खडूनं खूण. मी घराबद्दल विचारलं. त्यानं इस्त्री उभी केली, वर बघितलं आणि सांगून टाकलं, "पाणी सकाळी पाच ते साडेसात. मालक चांगले, मालकीणबाई कडक. आधीचे भाडेकरू दोन महिने थकले होते म्हणून गेले, सांगताना बदली सांगतात." एजंट पंधरा दिवसांत एवढं खरं बोलला नव्हता.

करार अकरा महिन्यांचा झाला. वर्षाच्या आत ठेवला की नोंदणी चुकते, अशी ही जुनी युक्ती. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्यानं करार कितीही दिवसांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे असं ठरवलं, म्हणजे युक्तीत काही राम उरला नाही. अकरा महिने मात्र हललेले नाहीत. पोलिस व्हेरिफिकेशनचे कागद भरले. ते पुढे सरकायच्या आत काकूंचं व्हेरिफिकेशन उरकलं होतं. आईची साखर, माझं रिटायरमेंटचं साल आणि रविवारी आमच्या कुकरमध्ये काय शिजतं, हे तिसऱ्या दिवशी बोळात माहीत होतं. मंडळाची पोरं वर्गणीला आली ती पावतीवर नाव घालूनच.

महिनाभर छान गेला. मग मला ऐकू यायला लागलं. डोशाच्या गाडीवर रात्री सव्वाअकरापर्यंत उलथनं तव्यावर खरवडतं. खर्र, खर्र, टण. मी फोनमध्ये डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री पंचेचाळीसची मर्यादा. माझ्या खिडकीत ॲप बासष्ट दाखवत होतं. कायदा माझ्या बाजूनं आहे, हे कळल्यावर तर झोप आणखीच उडाली. आता ज्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री आकडा शंभराच्या पुढे जातो, त्याच्यापासून मी चालत दहा मिनिटांवर राहायला आलोय, ही गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधले गृहस्थ अर्ज घेऊन आले. सुरेख टाइप केलेला, तेवीस सह्या. पहिल्या परिच्छेदात कोपऱ्यावरची अनधिकृत गाडी त्वरित हटवावी, अशी मागणी. दुसऱ्या परिच्छेदात, सदर कोपऱ्यावर रात्री सुरक्षिततेचा प्रश्न असल्यानं सीसीटीव्ही बसवावा. मी दोन्ही परिच्छेद नीट वाचले. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसानं कागद न वाचता सही केली, असं कुणी म्हणू नये. चोविसावी सही माझी.

गाडी दहा दिवसांत गेली. सीसीटीव्हीची फाइल पुढं गेली आहे, असं कळतं.

त्या रात्री मी दहालाच झोपलो. बोळ इतका शांत की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलीचा फोन. "बाबा, कोपऱ्यावर एवढा अंधार का आहे? जरा खाली ये ना."

तेव्हापासून मी रोज अकराला खाली जातो आणि गाडी उभी राहायची तिथं फोनचा टॉर्च लावून थांबतो. परवा समोरच्या बिल्डिंगची खिडकी उघडली. अर्ज घेऊन आलेलेच गृहस्थ होते, अंधारात त्यांना मी ओळखू आलो नसणार.

"ओ, कोण पाहिजे?"