वळवात सहकुटुंब भिजण्याची रीतसर पद्धत

पावसात भिजायला अक्कल लागत नाही, असा समज आहे. पोरांपुरता तो खराही आहे. प्रस्तुत मार्गदर्शन मोठ्यांसाठी आहे. मोठ्या माणसाला भिजायचं असतंच, फक्त तसं दिसू द्यायचं नसतं. म्हणून त्याला कारण लागतं, आणि ते आभाळ भरून यायच्या आत तयार ठेवावं लागतं.

सर्वोत्तम कारण वाळवणाचं. मे महिन्यात आजोळच्या गच्चीवर कुरडया आणि सांडगे जिन्यापासून जितके लांब पसरता येतील तितके पसरावेत. सकाळपासून तापलेल्या जमिनीवरची हवा वर वर चढत जाते आणि चारच्या सुमारास ढगांचा काळा डोंगर उभा राहतो. वारा सुटून धूळ उडाली, टपोरे थेंब पडू लागले, की “अगं बाई, कुरडया!” असं ओरडून धावत सुटावं. परात नेऊ नये, लहान ताटं न्यावीत. खेपा वाढतात. माणूस चिंब होतो आणि वर घरात कर्तव्यदक्ष ठरतो. ही सवलत पहिल्या गडगडाटापर्यंतच आहे. त्यानंतर गच्चीवर उरलेल्या कुरडया पावसाच्या.

जावयाची मात्र पंचाईत असते. सासुरवाडीत त्याला कोणी काम सांगत नाही. त्याने घामोळ्याचा आधार घ्यावा. पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं, हे आजीचंच वैद्यक असल्यामुळे तिला मोडता घालता येत नाही. तासगावकडे शेजाऱ्याचा बेदाणा अजून शेडवर असेल, तर सगळं सोडून आधी त्याची ताडपत्री ओढू लागावं. तिथे नाचत जाऊ नये. आपल्या गमतीत त्याचं वर्षाचं पीक भिजत असतं.

आता पोहणं. पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा बांधलेला असो, की मामा थारोळ्यावरून मुटका मारायच्या पवित्र्यात असो. आभाळ गडगडलं की सगळ्यांनी विहिरीबाहेर यायचं. यात विनोद नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना 3 ने भागलं, की वीज साधारण किती किलोमीटरवर होती ते कळतं. भागाकार घरात शिरून करावा. पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी केलेलं ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. मामाच्या हातात फोन असतोच, एकदा कामाला येऊ दे.

शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कोणीही अंगणात, झाडाखाली किंवा पाण्यात जायचं नाही. घड्याळ आजीकडे द्यावं, कारण पोरांच्या घड्याळात अर्धा तास पाच मिनिटांत होतो. मध्येच पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. त्या क्षणी पोरांच्या तोंडून जे निघेल ते मनावर घेऊ नये. या वेळात कांदाभजी होतात, जुनी भांडणं निघतात आणि कौलांवर वर्षभर साठलेली धूळ व कबुतरांची देणगी पन्हळीतून वाहून जाते. म्हणजे आपण बाहेर पडतो तेव्हा धार स्वच्छ असते. पन्हळीखाली पहिलं उभं राहण्याचा मान थोरल्यांचा. धाकट्यांनी रांग लावावी आणि ती मोडावी.

चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल, की वळीव अनेकदा तासाभरात आटोपतो. नियम पाळणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला पावसाची शेपटीच येते. पण वळवाची शेपटीच चांगली. भुरभुर चालू असते, ऊन तिरपं पडलेलं असतं, आणि गार पावसातून विहिरीत उतरलं की पाणी चक्क कोमट लागतं. नाकापर्यंत बुडून राहिलं तर प्रत्येक थेंब पडताना पाण्यातून एक बारीकशी खुंटी उडालेली दिसते. हे काठावरून दिसत नाही. काठावर छत्री धरून उभ्या असलेल्या काकांना एवढं सांगावं, की उरलेलं काम त्यांचं कुतूहल करतं.

तरी मे महिन्यातली विहीर तळाला गेलेली असते. सूर मारण्याआधी खोली पाहून घ्यावी, दिवाळीत पाहिलेली चालत नाही. पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात, तेव्हा उतरताना ऐट नको. पोहता येणारं एक तरी मोठं माणूस पूर्ण वेळ पाण्यात हवं. हे काम कोणी करायचं यावर वाद होतात. अर्थात, प्रत्येकाला तेच हवं असतं.

घरी टॉवेल एकच कोरडा सापडतो. तो धाकट्यापासून सुरू होऊन मामापर्यंत पोचेतो त्यातलं पाणी मामाला पुसतं. मामाने तक्रार करू नये, लुंगी वापरावी.

दुसऱ्या दिवशी कोणी शिंकलंच, तर घरातल्या सर्वांनी एका सुरात कालच्या आमरसाचं नाव घ्यावं. जबाब आदल्या रात्रीच जुळवून ठेवावेत. आजी उलटतपासणी घेते.