पक्षीकाका

पहाटे साडेपाचला पार्किंगमधून कुणीतरी जंगली ठिपक्यांचं जाकीट घालून, तोफेएवढी लेन्स पाठीवर टाकून दबक्या पावलांनी निघालं, की बिबवेवाडीत थंडी सुरू झाली असं समजावं. दबक्या पावलांची सवय इतकी, की पक्षीकाका सोसायटीचा जिनासुद्धा तसाच उतरतात. वॉचमनने दोनदा चोर समजून शिट्टी फुंकली आहे.

निवृत्त होईपर्यंत काकांना कावळा आणि चिमणी एवढेच पक्षी ठाऊक होते. फंडाचे पैसे आले, कॅमेरा आला आणि पाठोपाठ अधिकारवाणी आली. आता त्यांच्यासमोर ‘बगळा’ म्हणायची सोय नाही. ‘‘कुठला? गायबगळा, राखी बगळा की ढोकरी?’’ आपण गप्प बसतो. काकांना तेच हवं असतं.

गंगाधाम, लुल्लानगर, हडपसर करत काका सोलापूर रस्त्याने कवडीपाटला पोचतात. तिथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे आणि त्याच्या आसपास हिवाळ्यात पाखरांची जत्रा भरते. शेकाटे लाल काटकुळ्या पायांवर उभे, धोबी शेपट्या हलवतायत, हिमालय ओलांडून आलेले चक्रवाक जोडीने बसलेले. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरीही पाण्यात असतो. तुकोबांची पालखी याच रस्त्याने लोणी काळभोरला जाते, हे काका प्रत्येक नवख्याला सांगतात, जणू दिंडीतला एखादा चुकून नदीत राहिला.

आपण मात्र उशिरा गेलेलो असतो. कधीही गेलात तरी उशीरच. ‘‘अरे, आत्ता होता! पाच मिनिटं आधी यायचं.’’

बंधाऱ्याखाली पांढरा फेस तरंगतो, काठाला प्लॅस्टिक साचतं, वर जलपर्णी. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी इथून खाली जातं आणि त्यातल्या किड्या-अळ्यांवर यातली बरीच पाखरं पोसली जातात. म्हणजे तिबेट-लडाखच्या पाहुण्यांच्या पंगतीला थोडा हातभार बिबवेवाडीचाही. काकांच्या फोटोत यातलं काही दिसत नाही. शेकाट्याच्या पायाशी आलेली दुधाची पिशवी ते रात्री संगणकावर बसून कातरतात आणि खाली लिहितात, ‘निर्मळ सकाळ’. मला विचाराल तर पिशवीसकटचा फोटोच महापालिकेत लावण्याजोगा आहे.

५ ते १२ नोव्हेंबर हा काकांचा गणेशोत्सव. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. राज्यात तो पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये काकांचं ‘पाखरांशी मैत्री’ हे भाषण ठरलेलं. गेल्या खेपेला काकू मागून म्हणाल्या, ‘‘अहो, मैत्रीचं पुरे. बाल्कनीतल्या कबुतरांची जाळी फाटलीय, ती आधी बघा.’’ सोसायटीत सर्वांत पहिली जाळी काकांनीच बसवली होती. कबुतर त्यांच्या लेखी पक्षी नाहीच, तो उपद्रव.

तरीही कवडीला एकदा जाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडता उजाडता. भडक कपडे घालू नका आणि खाऊचे कागद परत आणा. दुर्बीण नसली तरी अडणार नाही, काका असतातच. आधी थोडं बोलून घेतील, पण मग स्वतःची देतील.