मॉरिसचं अर्थिंग आणि तुमचे चिरंजीव

बर्मिंगहॅम

ती. आबा आणि ती. आई,

फोनवर तुमचे चिरंजीव "गाडी मस्त चालतेय" एवढंच सांगतात, म्हणून खरी हकिकत मी कळवते.

गाडी १९६६ची मॉरिस मायनर. आपल्या अंगणातल्या ॲम्बॅसेडरची मावसबहीणच, कारण ॲम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घडली. हिचं सेल्फ, डायनामो, कटआऊट सगळं लुकासचं, म्हणजे याच गावचं. इकडे लुकासला थट्टेनं 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. चिरंजीवांनी ती थट्टा मनावर घेतली.

किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. लगेच नवी बॅटरी आली. तीही ते आपल्याकडच्यासारखी निगेटिव्ह बॉडीला जोडत होते. या गाडीत बॉडीला पॉझिटिव्ह असतो, हे मी वेळेत ओरडले. पुन्हा 'टक्'. मग नव्या सेल्फची ऑर्डर द्यायला निघाले.

लग्नानंतर मी चितेगावला डबा घेऊन पैठण रोडच्या तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात यायची आणि तुमचं बोलणं ऐकत बसायची. "वायर बघ आधी, पार्ट काय पळून चालला का?" हे वाक्य मला पाठ आहे. चिरंजीव तेव्हा दुकानाकडे फिरकत नसत.

मी हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितली. लाइट जेमतेम मंद झाले. म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फलाच करंट पुरत नाही. सोलेनॉइड बॉडीवर, म्हणून तो 'टक्' करतो. सेल्फ मात्र इंजिनवर आणि इंजिन रबरावर. त्याला अर्थिंग मिळतं ते गिअरबॉक्सकडून बॉडीला येणाऱ्या विणलेल्या पट्टीतून. "डायग्रामप्रमाणे सगळं बरोबर आहे," इति चिरंजीव. डायग्रामला गंज चढत नाही, हे इंजिनिअरला कोणी सांगायचं? मी किल्ली फिरवून त्यांना चोकची तार धरायला लावली. चटका बसून "आई गं!" झालं आणि निदानही झालं. पट्टी सडून तुटली होती. करंट बिचारा चोकच्या तारेतून वाट काढत होता. नवी पट्टी लावली, दोन्ही टोकांखालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला, सेल्फ घुर्रकन फिरलं.

चार्जिंगचा लाल दिवा मात्र विझेना. पंख्याचा पट्टा ताणलेला होता, तरी बॅटरीवर साडेबाराच्या वर व्होल्ट जाईनात. चिरंजीवांनी डायनामोची किंमत बघायला मोबाइल काढला. मी डायनामोच्या डी आणि एफ वायरी काढल्या, दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडली, मीटरचं एक टोक त्यांना, दुसरं डायनामोच्या बॉडीला लावलं आणि हळूच रेस वाढवायला सांगितली. व्होल्ट झपझप चढले. विसाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हेही तुमचंच. डायनामो निर्दोष! कटआऊटच्या डी टर्मिनलखाली हिरवी बुरशी होती. घासली, स्क्रू आवळला, दिवा गेला; मीटर चौदाच्या आसपास. लुकासची अब्रू वाचली.

आता मित्रमंडळींत "मी वायरिंग केलं" असं चाललंय. चालू द्या.

आबा, उन्हाळ्यात येताल तेव्हा तुमचा जुना टेस्टलॅम्प आणा. वायरीत एकच केस शाबूत असला तरी इथला डिजिटल मीटर बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब पेटायला खरा करंट लागतो. फक्त तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, त्याची सुई टोकदार आहे. चेक-इनच्या बॅगेत, आईंच्या कुरडयांखाली ठेवा.

तुमची सून