रविवारचा माणूस

पक्की नोकरी कशी असते हे ज्याला बघायचं असेल, त्याने सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत. त्याने मनाने व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात जावं आणि तिथल्या पाद्रीबाबांना भेटावं. फक्त रविवारी जाऊ नये. त्या दिवशी ते कामात असतात. बाकीचे सहा दिवस सवडीने भेटतील.

या नोकरीला परीक्षा नाममात्र होती. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी, बिशपचा हात डोक्यावर, आणि ओळखीचा जमीनदार, एवढं जमलं की झालं. गावचा पाद्री नेमायचा हक्क बहुधा जमीनदाराकडे असे, आणि तो हक्क शेतजमिनीसारखा विकता येई. वर्तमानपत्रांत त्याच्या जाहिराती येत: उत्पन्न अमुक, घर प्रशस्त, बाग मोठी, जवळच मासेमारीला ओढा, आणि गावची वस्ती कमी. वस्ती कमी हा गुण होता. जितकी माणसं कमी, तितकी बारशी, लग्नं आणि मयतं कमी.

एकदा खुर्चीवर बसला की त्याला उठवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. गावाला नाही, ज्याने नेमला त्या जमीनदाराला नाही, आणि कोर्टकचेरी केल्याशिवाय बिशपलाही नाही. निवृत्तीचं वय विचाराल, तर देव बोलावील तेव्हा.

पगाराची गंमत वेगळीच. आपल्याकडे सुगीला बलुतेदार खळ्यावर येऊन उभा राहत असे, तसा इंग्लंडात पाद्री उभा राहायचा. त्याचा वाटा दहावा: दहावी पेंढी, दहावं कोकरू, दहावं डुकराचं पिल्लू. शनिवारी पिल्लावरून शेतकऱ्याशी भांडायचं आणि रविवारी त्यालाच शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगायचं, हे जरा अवघडच जाई. शेवटी 1836 मध्ये कायदा झाला आणि गहू, जव, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावरून हा वाटा रोखीत ठरू लागला. त्यातही उतरंड होती. रेक्टरला सगळा दशमांश, व्हिकरला त्यातला थोडा, आणि रेक्टर हवापालट करायला गेला की त्याच्या जागी राबणाऱ्या क्युरेटला वर्षाचे शंभरेक पौंड आणि भरपूर थंडी.

आता रविवारची उपासना पाहू. पहिल्या रांगेत जमीनदाराचं कुटुंब. त्यांचं आसन म्हणजे उंच लाकडी भिंतींची खोलीच, काही ठिकाणी आत शेकोटीसुद्धा. उपदेश लांबला की साहेब सळईने कोळसे खडखडवत. समजदार पाद्री तेवढ्यावरून आमेनला येई. उपदेशपीठाच्या खालच्या चौरंगावर गावचा क्लार्क. सगळ्या मंडळींच्या वतीने ‘आमेन’ म्हणणं हे त्याचं काम, आणि ते तो इतक्या खणखणीत आवाजात करी की मागचे शेतकरी दचकून जागे होत. पश्चिमेच्या माडीवर गावचा बँड: दोन फिडल, एक ‘बसून’ नावाचं फुंकवाद्य, आणि सूर कुणाचा खरा यावरून पिढीजात वैर. शतकाच्या मध्याला पाद्र्यांनी एकेक करून हे बँड मोडले आणि हार्मोनियम आणला. हार्मोनियम उलट बोलत नाही, आणि उपासना संपल्यावर बिअरही मागत नाही.

उपदेश पाद्र्याने स्वतः लिहायचा असतो, असा मंडळींचा समज. तो सांभाळायची सोयही बाजारात होती. अठराव्या शतकात जॉन ट्रस्लर नावाच्या एका पाद्र्यानेच धंदा काढला होता: तयार उपदेश, पण छापलेले हाताच्या अक्षरासारख्या टाइपात. माडीवरून डोकावणाऱ्याला वाटावं, बिचारे रात्रभर जागलेले दिसतात.

सगळ्यांनाच ऐशआराम होता असं मात्र नाही. वेल्सच्या सीमेवर क्लायरो गावी फ्रान्सिस किल्व्हर्ट नावाचा तरुण क्युरेट होता. 13 फेब्रुवारी 1870 च्या रविवारी तो टेकडीवरच्या छोट्या चर्चला चालत गेला. पोचेपर्यंत दाढीमिशा बर्फाने इतक्या ताठ झाल्या की तोंड उघडेना, आणि दाढी अंगरख्याला चिकटून गोठलेली. तिथे बाप्तिस्म्यासाठी मोठं कुटुंब जमलेलं. दगडी कुंडातल्या पाण्याचा बर्फ झालेला. तो फोडला, आणि तुकडे तरंगत असलेल्या पाण्यातच मुलाचा बाप्तिस्मा झाला. हे किल्व्हर्टने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. मूल काय म्हणालं असेल, त्याचा अंदाज आपण करू शकतो.

त्याच रोजनिशीत डॉर्सेटमधल्या फोर्डिंग्टनचा किस्सा आहे, तिथल्या व्हिकरने, हेन्री मूलसाहेबांनी, सांगितलेला. बाप्तिस्म्याला त्यांनी पाणी मागितलं तर उत्तर आलं, की आधीचे साहेब पाणी कधी घेत नसत, तळहातावर थुंकून भागवत. मूलसाहेबांची तिथली नेमणूक 1829 ची. व्हिक्टोरियन पाद्र्याला वारशात काय काय मिळालं होतं, ते यावरून कळावं.

आता 30 मार्च 1851 चा रविवार घ्या. सरकारने त्या दिवशी देशभरातल्या उपासनांना किती माणसं आली, हे मोजायचं ठरवलं, आणि कागद भरायला दिला पाद्र्यालाच. कमी हजेरी लागलेल्या विद्यार्थ्याकडूनच हजेरीपत्रक भरून घ्यावं, तसा हा प्रकार. शेऱ्याच्या रकान्यात पाऊस, वाईट रस्ते, गावातली सर्दी-पडसी यांची भाऊगर्दी झाली. एकूण हिशेब बाहेर आला तेव्हा ज्यांना येता आलं असतं पण आले नाहीत, अशी माणसं 52 लाखांच्या वर निघाली. एवढी सर्दी इंग्लंडलासुद्धा परवडणारी नव्हती.

पण पाद्र्याचा खरा जीव सोमवार ते शनिवारात. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मगुरूला ‘पाळकसाहेब’ म्हणतो. डेव्हनमधल्या स्विमब्रिजच्या जॅक रसेल यांनी हा शब्द अगदी शब्दशः घेतला असता. त्यांनी कुत्रे पाळले. ऑक्सफर्डला शिकत असताना 1819 मध्ये एका दूधवाल्याकडून त्यांनी ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली, आणि तिच्यापासून वाढवलेल्या टेरिअरना आज जगभर त्यांचंच नाव आहे. कोल्ह्यांच्या शिकारीचा नाद एवढा की एक्झिटरच्या बिशप फिलपॉट्स यांनी शिकारी कुत्रे सोडायला सांगितलं. सांगतात, की रसेलनी आज्ञा शिरसावंद्य मानली आणि कुत्रे बायकोच्या नावावर केले. ही युक्ती आपण मुंबई-पुण्याची समजत होतो.

दुसऱ्या एका पाद्र्याला कोळ्यांचं वेड. डॉर्सेटच्या ब्लॉक्सवर्थचे ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज घरबसल्या जगभरचे कोळी तपासत. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा तो जीवघेणा विषारी कोळी आहे ना, त्याचं शास्त्रीय बारसं 1877 मध्ये याच पाद्र्याने केलं. बिनपाण्याचं. कॉन्टनच्या रेनॉल्ड्स होल यांना गुलाबांचं वेड, आणि 1858 मध्ये पहिलं राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन भरलं ते त्यांच्या खटपटीने. वर आलेले मूलसाहेबही गप्प बसले नाहीत. 1854 च्या कॉलऱ्यात त्यांनी गावच्या घाणीचा परिणाम जवळून पाहिला होता. घरच्या बादल्यांवर प्रयोग करता करता त्यांच्या ध्यानात आलं, की कोरड्या मातीत मैला काही आठवड्यांत नाहीसा होतो. 1860 मध्ये त्यांनी मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं. स्वर्गाचा रस्ता दाखवणारे पुष्कळ होऊन गेले. परसाकडचा रस्ता सुधारणारा पाद्री विरळा.

चार्ल्स डार्विनही याच वाटेवर होता. डॉक्टरी झेपेना म्हणून 1828 मध्ये बापाने त्याला केंब्रिजला पाठवलं ते पाद्री करायला. डार्विन पुढे ज्यावर गेला, त्या ‘बीगल’ जहाजावर जायचं आमंत्रण तर आधी लेनर्ड जेनिन्स नावाच्या खेड्यातल्या व्हिकरलाच होतं. गावचं काम टाकून कसं जाऊ, म्हणून तो गेला नाही. कर्तव्य केल्याने इतिहास हुकलेला पाद्री बहुधा हा एकच.

आणि गावाचं काम कोण करी? पाद्रीणबाई. रविवारची शाळा, आजाऱ्याला सूप, गरिबांच्या कपड्यांची भिशी, हार्मोनियमचा भाता, सगळं तिच्याकडे. एका पगारात गावाला दोन माणसं मिळत, आणि त्यातलं एक कामाचं असे.

हसून झालं. आता शेवटचा नग बघा. कॉर्नवॉलच्या टोकाला, समुद्राच्या कड्यावर मॉर्वेनस्टो गाव आहे. तिथे 1830 च्या दशकापासून चाळीस वर्षं रॉबर्ट स्टीफन हॉकर व्हिकर होते. अंगात जांभळा कोट, आत मच्छीमाराची निळी जर्सी, पायांत मासेमारीचे लांब बूट. मांजरं मागोमाग चर्चमध्ये येत. त्यातल्या एकीने रविवारी उंदीर मारला म्हणून तिला धर्मबाह्य केल्याची आख्यायिका आहे. तरुणपणी समुद्रातल्या खडकावर शेवाळाचा केसांचा टोप घालून जलपरी होऊन बसले होते म्हणतात, आणि लोक रात्री बघायला लोटत. 1843 मध्ये त्यांनी सुगीची उपासना सुरू केली. आज जगभरच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होतो, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे.

त्या किनाऱ्यावर जहाजं फुटत. बुडालेल्या खलाशाला जिथे सापडला तिथेच वाळूत पुरायचा प्रघात जुना. हॉकर वादळ थांबलं की कड्याखाली उतरत, गावकऱ्यांना जिनचा घोट देऊन धीर देत, आणि तुकडे झालेली प्रेतंसुद्धा वर आणून चर्चच्या आवारात मंत्रप्रार्थनेसह पुरत. अशी चाळीसवर माणसं त्यांनी पुरली. नाव, गाव, पंथ काही न विचारता. त्या दिवशी रविवार असेच असं नाही.

1842 च्या सप्टेंबरात ‘कॅलेडोनिया’ जहाज तिथे फुटलं. कप्तान आणि खलाशी जिथे पुरले, तिथे हॉकरनी खूण म्हणून जहाजाच्या नाळेवरची लाकडी बाई उभी केली: हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. ऊनपावसाने झिजू लागली म्हणून मूळ बाई आता चर्चच्या आत आहे, आणि बाहेर कबरीवर तिची प्रतिकृती पहारा देते.