सूर्यनारायणांस वाहनचालकवर्गाचे अनावृत पत्र

प्रति,
श्री. सूर्यनारायण,
सध्या मुक्काम रोहिणी नक्षत्र.

विषय : टायरफुटीची जबाबदारी आपल्यावर निश्चित करणे व तापमान तातडीने कमी करणे याबाबत.

महोदय,

आपण रोहिणीत प्रवेश केल्यानंतरचे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून ओळखले जातात. तथापि त्या दिवसांची वाटही न पाहता २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर नेल्याची नोंद आपल्या नावावर आहे. हा आकडाही सौम्यच, कारण हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत; उघडा रस्ता त्याच वेळी साठ अंशांच्या पुढे तापलेला असू शकतो, आणि टायर धावतो तो रस्त्यावरून. सबब, उन्हाळ्यातील टायरफुटीचा सारा दोष आपल्या माथी मारण्यास वाहनचालकवर्गाने एकमताने मान्यता दिली आहे.

वर्गाने आपल्या परीने उपाय केले नाहीत, असे मात्र समजू नये. ऊन वाढले की हवा फुगते, म्हणून टायरमध्ये दोन-चार पॉइंट हवा कमीच ठेवावी, हे शास्त्र पंक्चरच्या दुकानापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सर्वमान्य आहे. बंदिस्त हवेचा दाब तापमानासोबत वाढतो हे खरेच आहे; मोटारीच्या टायरमध्ये दर दहा अंशांमागे ही वाढ चौरस इंचाला साधारण दीड पौंड भरते. परंतु चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा ही वाढ गृहीत धरूनच ठरवलेला असतो आणि तो ‘थंड दाब’ असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, प्रवासाला निघण्यापूर्वी मोजायचा दाब. त्याहून कमी हवेचा टायर जमिनीवर अधिक चपटा बसतो आणि त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकून पुन्हा सरळ होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत हे सेकंदाला सुमारे सतरा वेळा घडते. वाकताना खर्च झालेली सर्व ऊर्जा रबर परत करत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने स्वतःतच ठेवतो. या गुणधर्माला हिस्टेरेसिस म्हणतात. अशी आतून साचलेली उष्णता रबर आणि त्यातील तारा व धागे यांची पकड सैल करते, थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. थोडक्यात, टायर थंड राहावा म्हणून योजलेला उपाय हाच तो तापवण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो. परंतु ही बाब आपल्याविरुद्धच्या तक्रारीस बाधक असल्याने ती विचारात घेऊ नये.

लग्नसराईत सात आसनांच्या गाडीत नऊ वऱ्हाडी आणि टपावर आंब्याच्या पेट्या असतात, हाही आपलाच दोष समजावा. टायरच्या बाजूला कोरलेले चार अंक, ज्यांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ते वाचण्यासाठी वाकावे लागते. स्टेपनीचे तर वयच विचारू नये. मोटारीच्या टायरवरील खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा दंडक आहे. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्यास सुरुवात केली, तेव्हा वर्गाच्या भावना दुखावल्या होत्या.

हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. सरळ, काँक्रीटचा आणि दृश्यात फारसा बदल नसलेला असा रस्ता चालकाला महामार्ग-संमोहनात नेतो, म्हणजे डोळे उघडे असूनही मन नोंद घेणे थांबवते. त्यात दुपारी दोन ते चार ही शरीराच्या घड्याळाची मुळातच सुस्तीची वेळ. पोटात ढाब्यावरचे जेवण, आणि एसी आतलीच हवा फिरवत असल्याने उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड गाडीत साचत असतो. अशा वेळी डुलकी लागली, तर दोष कोणाचा हे सांगायला नको.

एका मुद्द्यावर मात्र अर्जाची भाषा बदलणे भाग आहे. काचेतून आत आलेले ऊन डॅशबोर्ड आणि आसने तापवते, ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी, तर तासाभरात वीसहून अधिक अंशांनी चढते. काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात नगण्य फरक पडतो. लहान मुलाचे शरीर प्रौढापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. झोपलेल्या मुलाला ‘दोनच मिनिटे’ गाडीत ठेवणाऱ्याचा बचाव हा अर्ज करत नाही.

तरी आपण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत महामार्गावर येऊ नये, अशी विनंती आहे. पहाटे पाचला निघून अकराच्या आत मुक्काम गाठण्याची पर्यायी सूचना वर्गापुढे आली होती; परंतु ती झोपेच्या हक्कावर गदा आणणारी असल्याने फेटाळण्यात आली.

आपला,
वाहनचालकवर्ग

प्रत माहितीसाठी : श्री. वरुणदेव. याच टायरांची फाईल जूनमध्ये, ओल्या रस्त्यावर गाडी घसरल्याच्या तक्रारीसह, आपल्याकडे वर्ग होईल.