तळियुं, मथाळुं आणि माझी एक फाइल

सुरतेतल्या कतारगामच्या ज्या हिरे कारखान्यात मी संगणक सांभाळतो, तिथे कारागिरांची मजुरी नगावर ठरते. ती काढणारी स्क्रिप्ट मी लिहिली. सुरुवातीला 40 ओळी होत्या, चार दिवाळ्यांत 4000 झाल्या. सगळ्या एकाच फाइलीत. तिचं नाव ‘हिशेब-नवा-शेवटचा-खरा-2’. ‘खरा-1’ कुठे गेला, मलाही ठाऊक नाही.

पाचव्या दिवाळीला दर वाढले. फाइलीत हा दर 11 ठिकाणी लिहिलेला. मी 10 ठिकाणी बदलला. उरलेल्या अकराव्या जागेवर हिऱ्याचा माथा घासणारा अख्खा मथाळा विभाग बसला होता. कारागिरांना दिवाळीला गावी नेणाऱ्या सौराष्ट्राच्या बस सुटायच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या टेबलाभोवती उभा राहिला. सुरतेत माणूस चिडला तरी ‘भाई’ म्हणतो, तेवढाच आधार.

मॅनेजरभाईंनी पडद्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आता हिरे तपासायचं भिंग, आयग्लासच लावतात की काय!

“भाई, आमां तळियुं क्यां ने मथाळुं क्यां?”

यात हिऱ्याचा तळ कुठला नि माथा कुठला, हा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे एका गोल हिऱ्याचे 57-58 पैलू एकच माणूस पाडत नाही. घाट एकाचा, तळियुं दुसऱ्याचं, मथाळुं तिसऱ्याचं. पडीक्यातून, म्हणजे कागदी पुडीतून, खडा आला, घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, आपलं काम केलं, पुढे दिला. शेजाऱ्यानं काय नि कसं केलं, याची चौकशी नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 साली प्रोग्रॅमबद्दल हेच लिहिलं: जे बदलण्याचा संभव, ते एका कप्प्यात झाकून ठेवा. त्याही आधी, 1949 साली सुरू झालेल्या केंब्रिजच्या एडसॅक संगणकाजवळ नेहमी लागणाऱ्या कामांच्या कागदी पट्ट्या कपाटात असत. हवी ती काढायची, आपल्या प्रोग्रॅमसाठी तिची नक्कल करायची. कपाट माझ्याकडेही होतं. त्यात माझा डबा असे.

सुट्टीत मी फोडाफोडीला बसलो. दरांची फाइल, हजेरीची, कपातीची, पावतीची. मग हात थांबेना. दोन ओळी दिसल्या की फाइल! ‘दर’ हजेरीला बोलावी, ‘हजेरी’ दराला. पंगतीत दोन विहिणी ‘आधी तुम्ही बसा’ करत उभ्या, आणि वाढपी संगणक ताटकळलेला. ज्याला कुठेच घर मिळेना, ते सगळं ‘किरकोळ’ नावाच्या फाइलीत कोंबलं. आज तीच सगळ्यांत लठ्ठ आहे. माळ्याचंही असंच होतं.

“अहो, एवढ्या फाइली केल्यात,” बायको म्हणाली, “लाइटबिल कुठल्या फाइलीत आहे?”

पुढच्या दिवाळीला पुन्हा दर वाढले. एक फाइल, एक ओळ. मी ऐटीत बदल केला आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं. या वेळी एकट्या मथाळ्यावर अन्याय झाला नाही. घाट, तळियुं, मथाळुं, सगळे मिळून आले. दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. समजूत काढायला तीनदा चहा मागवावा लागला, माझ्या खर्चानं.